जादूचं काम आधी, गुणाकार मागाहून: फॅन-गेमसाठी पाच तत्त्वांची स्किल सिस्टिम

बहुतेक फॅन-गेममधली, म्हणजे आवडत्या मालिकेवर चाहत्यांनी बनवलेल्या गेममधली, जादू अशी असते: अग्नीचा लाल गोळा, पाण्याचा निळा, वाऱ्याचा हिरवा. तिन्हींचा मार सारखाच, फक्त समोरचा राक्षस बर्फाचा असला की लाल गोळा दुप्पट लागतो. खेळणाऱ्याला हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि पुढचा सगळा खेळ कुणाला काय लागतं हे पाठ करण्यात जातो. तसलं पाठांतर शाळेत पुष्कळ झालंय.

मी पतसंस्थेत हिशेब बघते आणि संध्याकाळी आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक फॅन-गेम बांधते. ज्या जपानी मालिकेच्या जगात तो घडतो तिचं नाव इथं मुद्दाम देत नाही, कारण पुढे येईलच. त्या जगात चार तत्त्वं आहेत, पाचवं मी घातलं. ही पाच तत्त्वं स्किलमध्ये, म्हणजे पात्रांच्या वारांत आणि मंत्रांत, कशी उतरवायची, आकडे कसे धरायचे आणि कुठलंही प्लगिन (बाहेरचा जोड-कोड) न लावता ते सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये कसं बसवायचं, ते सांगते. तुमच्याकडे याचीच जुनी आवृत्ती, एमव्ही, असली तरी यातलं जवळजवळ सगळं तसंच चालेल.

प्रत्येक तत्त्वाला एक काम

कागद घ्या आणि प्रत्येक तत्त्वापुढे एकच क्रियापद लिहा. 'मारतं' हे चालणार नाही, मारतात तर सगळीच. माझ्या कागदावर असं आहे: जल भिजवतं, अग्नी भाजतो, वायू पेटलेलं फुलवतो, पृथ्वी रुतवते, आकाश गप्प करतं. भिजणं म्हणजे नुसतं स्टेट, पात्राची काही काळची अवस्था; त्याने एक एचपीसुद्धा (जीव मोजायचा आकडा) कमी होत नाही. पण भिजलेल्याच्या बाबतीत बाकीच्या चौघांपैकी कुणाला तरी काहीतरी वेगळं करता यायला हवं. तसं होत नसेल तर ते तत्त्व उडवा, तीनच ठेवा. तीन तत्त्वांचा गेम कमी प्रतीचा ठरत नाही.

कुठल्या तत्त्वाला किती गोष्टी करू द्यायच्या, यासाठी मी एक जुनी मांडणी उचलली. पंचमहाभूतांत आकाशाला एकच गुण, शब्द. वायूला शब्द आणि स्पर्श. तेजाला म्हणजे अग्नीला त्यांच्या जोडीला रूप, आपाला म्हणजे जलाला रस, आणि पृथ्वीला गंधासकट पाचही. म्हणजे एकेक पायरी खाली येताना एकेक गुण वाढत जातो. याचा मी नियम केला: खालचं तत्त्व वरच्याचं काम उसनं घेऊ शकतं, पण अर्ध्या जोराने. वरचं खालच्याचं घेऊ शकत नाही. त्यामुळे माझी पृथ्वीवाली जादूगार सगळ्यात थोडं थोडं करते, धीमी आहे, पण पार्टीत कुणी पडलं तर गाडा ओढून नेते. आकाशवाल्याकडे मौन सोडलं तर काहीच नाही, मात्र त्याचं मौन सगळ्यांत पक्कं बसतं. पाच पात्रांचे पाच स्वभाव आयते मिळाले. पार्टीत आकाशवाला घ्यायचा का, यावर खेळणारे आपसात वाद घालतात. मला हवं होतं तेच.

दोन तत्त्वं एकमेकांना भिडली की काहीतरी घडतं, ही कल्पना काही माझी नव्हे. मॅजिका नावाच्या २०११च्या गेममध्ये मंत्र टाकणारा स्वतः ओला असेल आणि विजेचा मंत्र टाकेल तर झटका त्यालाच बसतो. २०१४च्या डिव्हिनिटी ओरिजिनल सिनमध्ये जमिनीवरचं पाणी, तेल, आग यांचाच अर्धा खेळ आहे. गेनशिन इम्पॅक्टमध्ये तर क्रमही मोजतात: आग लागलेल्यावर पाणी मारलं की मार दुप्पट, ओल्यावर आग मारली की दीडपट. हे गेम बघा, पण सगळं उचलू नका. पाच तत्त्वांच्या जोड्या दहा होतात. दहाच्या दहा भरायला गेलात तर खेळणाऱ्याला वही घेऊन बसावं लागेल. मी चार भरल्या, बाकी सहा जोड्यांत काहीही होत नाही.

कोण कुणावर भारी

तक्ता लहान ठेवा. पोकेमॉन १९९६ मध्ये आला तेव्हा त्यात १५ टाइप, म्हणजे तत्त्वांसारखे प्रकार, होते, आज १८ आहेत. १८ टाइपचा तक्ता म्हणजे ३२४ चौकोन. एवढ्या मोठ्या कंपनीलाही तो एका झटक्यात जमला नव्हता. पहिल्या पिढीत सायकिक म्हणजे मनाच्या ताकदीच्या टाइपला धड उतारा नव्हता, आणि भूतांचा म्हणजे घोस्ट टाइपचा वार सायकिकवर दुप्पट लागायच्या ऐवजी लागतच नव्हता. १९९९ मध्ये डार्क आणि स्टील आणून तोल साधला, २०१३ मध्ये ड्रॅगनला आवरायला फेअरी आणावा लागला. त्यांच्याकडे दुरुस्तीला पुढच्या पिढ्या होत्या. तुमच्याकडे एकच गेम आहे आणि तोही पुरा होईल याची खात्री नाही.

माझा तक्ता एका वर्तुळाचा: जल अग्नीवर भारी, अग्नी वायूवर, वायू पृथ्वीवर, पृथ्वी जलावर. प्रत्येक जण एकावर भारी, एकापुढे कच्चा, बाकीच्यांशी बरोबरीत. आकाश वर्तुळाबाहेर, ते कुणावर भारी नाही आणि कुणापुढे कच्चंही नाही. नवं तत्त्व घालायचा मोह झाला तर पोकेमॉन युरेनियम या फॅन-गेमचा न्यूक्लिअर टाइप आठवा: जवळजवळ सगळ्यांवर भारी आणि स्वतः जवळजवळ सगळ्यांपुढे कच्चा. तक्त्यात त्याच्या एकट्यासाठी वेगळी ओळ विचार करून लिहावी लागली नाही, आणि तो डावात आला की सगळे सावध. पाचवं तत्त्व घालायचं तर असं काहीतरी टोकाचं घाला, नाहीतर आकाशासारखं बाजूला ठेवा.

आता आकडे. इथं मात्र थोडं बसून वाचा.

समजा साधा मार १०० आणि शत्रूचे एचपी ४००. म्हणजे चार वारांत काम तमाम. भारी तत्त्वाला दुप्पट मार दिला तर दोन वार, कच्च्याला अर्धा दिला तर आठ. दोन आणि आठ यांत फरक एवढा मोठा पडतो की चुकीचं तत्त्व हातात असलेला खेळाडू लढायच्या ऐवजी पळ काढतो. म्हणून बरेच जण सव्वापट ठेवतात. पण १२५ चे तीन वार म्हणजे ३७५. शत्रू अजून जिवंत! चौथा वार लागतोच, म्हणजे खेळणाऱ्याला भारी तत्त्व निवडून काडीचा फायदा झाला नाही. खेळणारा टक्के मोजत नाही, वार मोजतो. गुणक ठरवताना एक्सेलमध्ये शेजारी 'किती वार' हा रकाना हवाच, आणि तो वरच्या पूर्णांकात न्या.

मी दीडपट धरला: १५० चे तीन वार, ४५०. आरपीजी मेकरमध्ये जादूच्या स्किलना व्हेरियन्स बहुधा २० असतो, म्हणजे मार २० टक्क्यांपर्यंत वरखाली होतो. २० ठेवला तर १५० चा १२० होऊ शकतो आणि तीन वारांत ३६० वर अडकायला होतं. व्हेरियन्स १० केला की सगळ्यात वाईट वेळीही १३५ चे तीन म्हणजे ४०५. शत्रू पडतोच. कच्च्या बाजूला ०.७५ ठेवला, तिथे सहा वार, नशीब असेल तर पाच. तीन, चार, सहा. एवढं अंतर पुरतं.

आरपीजी मेकरचा आयता फॉर्म्युला वजाबाकीचा आहे: १०० अधिक आपलं जादूबळ दुप्पट, वजा समोरच्याचं जादूसंरक्षण दुप्पट. समोरच्याचं संरक्षण ९० आणि आपलं बळ ४० असलं की उत्तर शून्य, आणि शून्याला दीडने गुणलं तरी शून्यच. तत्त्वाचा गुणाकार फॉर्म्युल्याच्या उत्तरावर होतो, आधी नाही. मी त्याजागी भागाकार लिहिला: स्किलची ताकद गुणिले आपलं बळ, भागिले समोरच्याचं संरक्षण. वरच्याच उदाहरणात १०० गुणिले ४० भागिले ९०, म्हणजे ४४. दोघं बरोबरीचे असले की ताकद १०० च्या स्किलचा मार १००, त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो. शत्रूचं जादूसंरक्षण कधी शून्य ठेवू नका, एवढं पथ्य पाळा.

डेटाबेसमध्ये बसवताना

टाइप्सच्या पानावर तत्त्वांची यादी असते, तिथे आपली पाच नावं लिहा. शत्रूच्या ट्रेट्समध्ये, म्हणजे गुणधर्मांच्या यादीत, एलिमेंट रेट (त्या तत्त्वाचा मार किती टक्के लागेल) टाका, त्याच्यावर भारी असलेल्या तत्त्वाला १५० टक्के, कच्च्याला ७५. एवढं तर सगळेच करतात. गंमत पुढे आहे: ट्रेट्स नुसत्या शत्रूला नसतात, स्टेटलाही असतात, आणि सगळीकडचे एलिमेंट रेट एकमेकांना गुणले जातात. कोड न लिहिता तत्त्वं एकमेकांशी भिडवता येतात ती याच्याच जोरावर.

'ओलं' हे स्टेट घ्या. त्याला तीन ट्रेट दिले. अग्नीचा एलिमेंट रेट ७५ टक्के, म्हणजे ओल्यावर आग कमी लागते. 'भाजलं' या स्टेटचा स्टेट रेझिस्ट, म्हणजे ओलं असताना कुणी भाजत नाही. आणि 'रुतलं' या स्टेटचा स्टेट रेट, म्हणजे ते लागण्याच्या शक्यतेचा गुणक, ५०० टक्के. आता पृथ्वीच्या दलदल या स्किलमध्ये 'रुतलं' लागण्याची शक्यता २० टक्के ठेवा. कोरड्या शत्रूवर पाचातून एकदा लागेल, ओल्यावर २० गुणिले ५ म्हणजे जवळपास दर वेळी. दोघांच्या लक (नशीब) या आकड्यांमधल्या फरकाने यात किंचित हलतं, तेवढं सोडून द्या.

दुसऱ्या ट्रेटचा एक जादा फायदा होतो. स्टेट रेझिस्ट अंगावर आला की तेच स्टेट आधी लागलेलं असलं तरी इंजिन ते काढून टाकतं. म्हणजे पेटलेल्या सोबत्यावर पाणी मारलं की आग विझते. त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. माझ्या भाचीने खेळताना स्वतःच्याच माणसावर शिडकावा मारून बघितला आणि विझलं म्हणून ओरडली. कुठल्याही ट्यूटोरियलने तिला ते सांगितलं नव्हतं.

इफेक्ट्सचा, म्हणजे स्किलने मारासोबत घडवायच्या बदलांचा, क्रम मात्र नीट लावा. अग्नीच्या चटका स्किलमध्ये दोन इफेक्ट आहेत, 'भाजलं' लावणं आणि 'ओलं' काढणं. ते वरून खाली चालतात. 'ओलं' आधी काढलंत तर लगेच खालच्या ओळीत ते पात्र भाजेल आणि ओलेपणाला अर्थच राहणार नाही. आधी भाजवायचा प्रयत्न, मग ओल काढा. दलदलीतही तसंच: आधी रुतवा, मग ओल काढा. मार आणि इफेक्ट यांत मार आधी मोजला जातो, त्यामुळे ७५ टक्क्यांची घट त्या वारालाही लागते.

काही जण स्टेट लावण्या-काढण्याचं काम फॉर्म्युल्याच्या चौकटीतच कोंबतात. चालतं, पण पात्राला ऑटो बॅटलचा (आपोआप लढण्याचा) ट्रेट असेल तर इंजिन वार करण्याआधी प्रत्येक स्किलचा अंदाज घ्यायला तोच फॉर्म्युला चालवून बघतं. मग न मारलेल्या स्किलनेही शत्रू भिजतो, आणि असं का होतंय ते सापडता सापडत नाही. फॉर्म्युल्यात फक्त प्रश्न विचारा, समोरच्यावर अमुक स्टेट आहे का. बदल घडवायचा तो इफेक्ट्समध्ये.

वायूचं काम एका ट्रेटमध्ये भागतं. 'भाजलं' या स्टेटला वायूचा एलिमेंट रेट १५० टक्के द्या. आकाशाच्या मौनाला जादू या स्किल टाइपचं सील, म्हणजे बंदी. झालं.

मराठीत नावं ठेवणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगते. स्किलच्या यादीत देवनागरी व्यवस्थित दिसते, पण संवादाच्या चौकटीत अक्षरं एकेक करून उमटतात आणि काना-मात्रा सुट्ट्या पडून ठिपक्यांची वर्तुळं दिसायला लागतात. एमझेडमध्ये ओळीच्या सुरुवातीला उलटी तिरकी रेघ आणि त्याला लागून 'पेक्षा मोठं'चं चिन्ह टाका. पूर्ण ओळ एकदम उमटते आणि जोडाक्षरं शाबूत राहतात. नावं तोंडात बसणारी ठेवा: शिडकावा, चटका, वावटळ, दलदल, मौन. 'प्रलयंकारी महाग्निवर्षाव' चौकटीत मावत नाही आणि लहान मुलं ते वाचत नाहीत.

नावाची गोष्ट

मालिकेचं नाव का लपवलं, ते इथं. युरेनियम २०१६च्या ऑगस्टमध्ये आला, बनवणाऱ्यांची नऊ वर्षं त्यात गेली होती. १५ लाखांहून जास्त डाउनलोड झाले, मग वकिलांच्या नोटिसा आल्या आणि बनवणाऱ्यांनी लिंक काढून घेतल्या. नावं, चित्रं, संगीत, कथा यांवर मालकाचा हक्क असतो. वार कसा मोजायचा, कुठलं स्टेट कशाला छेद देतं, हे नियम साधारणपणे त्यात येत नाहीत. म्हणून उसनी नावं आणि चित्रं एका फोल्डरमध्ये वेगळी ठेवा, आणि स्किल सिस्टिम अशी बांधा की उद्या सगळी नावं बदलली तरी एकही आकडा हलवावा लागू नये. गेमचे पैसे घेणार नसाल तरी हे करा.

एमपी, चाचणी आणि बॉस

एमपीवर, म्हणजे जादूला खर्च होणाऱ्या आकड्यावर, फार डोकं घालवू नका. दोन मुक्कामांत साधारण पाच लढाया होतात असं धरा आणि १०० एमपीमधून लढाईला २० येतात असं समजा. ताकद १०० चं स्किल ८ एमपीला ठेवलं तर एका लढाईत दोन मारता येतात, तिसऱ्याला विचार करावा लागतो. सगळ्या शत्रूंना एकदम लागणाऱ्या स्किलची ताकद ६० वर आणा, नाहीतर खेळणारा दुसरं काही मारणारच नाही. स्टेट लावणारं स्किल स्वस्त हवं, ४ किंवा ५ एमपी, कारण त्याचा फायदा पुढच्या टर्नला मिळतो आणि माणूस उधारीवर पटकन विश्वास ठेवत नाही. नवी स्किल लेव्हलनुसार द्यायची सोय क्लासच्या पानावर आहेच. सुरुवातीला तेवढी पुरते, स्किल शिकायचं फांद्यांचं झाड नंतर.

चाचणीसाठी ट्रूप्सच्या (शत्रूंच्या टोळ्यांच्या) पानावर बॅटल टेस्टचं बटण असतं. तिथे स्वतः खेळून काही कळत नाही, कारण तुम्हाला उत्तरं माहीत असतात. दुसऱ्याला बसवा, मागे गप्प उभे राहा आणि कोणत्या टर्नला कोणतं स्किल मारलं याचा रोजमेळ लिहा. एकच स्किल सारखं येत असेल तर खेळणाऱ्याला दोष देऊ नका, त्याने तुमचा हिशेब बरोबर ओळखलाय. माझी भाची तर मेनू उघडून सगळ्यात स्वस्त स्किल शोधते आणि तेच बडवत राहते. तिला दुसरं बटण दाबायला लावू शकलं तेच स्किल चांगलं, अशी माझी कसोटी आहे.

कॉम्बो, म्हणजे एकामागून एक दोन तत्त्वांचे वार, कधी फळतो तेही आकड्यांत बघून घ्या. पृथ्वीच्या ४०० एचपीच्या शत्रूवर थेट वायूची वावटळ: १५० चे तीन वार. आधी चटका आणि मग वावटळ: १००, मग दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन पट, २२५ आणि २२५. तेही तीनच. म्हणजे छोट्या शत्रूवर कॉम्बो करण्यात काही राम नाही, सरळ मारलेलं बरं. ९५० एचपीच्या शत्रूवर मात्र थेट वावटळीला सात वार लागतात, आणि चटक्यानंतर चार वावटळी मिळून १००० होतात, म्हणजे पाच वार. 'भाजलं' पाच टर्न टिकेल एवढं बघा, म्हणजे एकटा जादूगारही हे करू शकतो.

म्हणजे तत्त्वं एकमेकांत गुंतवण्याचा खरा मोबदला मोठ्या शत्रूवरच मिळतो. आणि नेमकं तिथेच गेम बनवणारे कच खातात: बॉस सोपा होईल या भीतीने त्याला सगळ्या स्टेटचा रेझिस्ट देऊन टाकतात. ज्या लढाईसाठी खेळणारा भिजवणं, रुतवणं, फुलवणं शिकला, त्याच लढाईत त्याला परत लाल-निळे गोळे फेकायला लावतात. बॉसला रेझिस्ट देऊ नका, स्टेट रेट ५० टक्के द्या. ओल्या बॉसवर दलदल मारली की २० गुणिले ५ गुणिले अर्धा, म्हणजे दोनातून एकदा तो रुतेल. मौन फार भारी पडत असेल तर तेवढ्या एकाच स्टेटचा रेट २५ करा. आणि तरीही बॉस लवकर पडत असेल तर त्याचे एचपी वाढवा, ९५० चे १४०० करा.